धागा : भूकंप झाला म्हणजे खाली शिलारस सरकतोय का? (तुरळची गरम कुंडं, डहाणूचे हादरे आणि आईचा प्रश्न)

शास्त्रीकाठ
नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितेय आणि जरा काळजीनेच लिहितेय. गावी आई एकटी असते, तुरळच्या गरम पाण्याच्या कुंडांपासून आमचं घर चालत वीसेक मिनिटांवर. परवा रात्री साडेअकराच्या सुमाराला फडताळातली भांडी किणकिणली, तेवढंच, कोयनेकडचे हादरे आमच्याकडे नवीन नाहीत. पण सकाळी वाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज फिरायला लागला की कोकणाच्या जमिनीखाली लाव्हा सरकायला लागलाय, हादरे हे त्याचंच लक्षण आणि गरम कुंडं म्हणजे ज्वालामुखीची झाकलेली तोंडं, ती कधीही उघडतील. आई तशी घाबरणारी नाही हो. १९६७ साली कोयनेचा भूकंप झाला तेव्हा ती आठ वर्षांची होती, पहाटे सव्वाचार-साडेचारला आजोबांनी सगळ्या पोरांना उचलून खळ्यात आणून बसवलं होतं, ती गोष्ट ती आजही अगदी शांतपणे सांगते. पण आता तिने फोनवर मला विचारलं की "सह्याद्री लाव्ह्याचाच झालाय असं तूच शाळेत शिकून आलेलीस ना, मग परत होणार नाही कशावरून?" मला उत्तर देता आलं नाही. कोणाला नीट माहीत असेल तर सांगा, मी तिला वाचून दाखवणार आहे.

काळाकातळ
ताई, आईंचा प्रश्न बरोबर आहे आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मी भूशास्त्र शिकलो, पुढे काही वर्षं भूकंपमापक यंत्रांच्या देखभालीचं काम केलं, तेव्हा मला जेवढं पक्कं माहीत आहे तेवढंच लिहितो.

आधी सह्याद्रीचं. आपला काळा कातळ लाव्ह्याचाच, पण तो साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा. तेव्हा भारताचा भूभाग आजच्या जागी नव्हताच, खूप दक्षिणेला होता, आणि खालून वर येणाऱ्या एका फार मोठ्या गरम झोतावरून सरकत चालला होता. भूभाग पुढे उत्तरेला निघून आला, झोत मागेच राहिला. आज तो हिंदी महासागरात रीयुनियन बेटाखाली आहे असं मानतात, आणि तिथला पितों द ला फुर्नेझ हा ज्वालामुखी अजून वरचेवर पेटत असतो. म्हणजे ज्या चुलीवर सह्याद्री शिजला ती चूल आपल्यापासून हजारो किलोमीटर दूर राहिली, आपण तिच्यावरून कधीच उतरलो.

आता मुद्द्याचं. शिलारस, म्हणजे जमिनीखाली वितळलेला खडक (बाहेर आला की तोच लाव्हा), स्वतः भूकंप करत नाही, भूकंप करतो तो घट्ट खडक. खडकावर ताण येतो, तो कुठल्यातरी जुन्या भेगेवर सटकतो, त्या सटकण्याचा धक्का म्हणजे भूकंप. त्यामुळे कुठेही हादरा बसला की विचारायचं एवढंच की खडकाला ढकलतंय कोण. कधी भूखंडांचा रेटा असतो, कधी भेगांत शिरलेलं पाणी, कधी वर येणारा शिलारस. तिघांनीही खडक सारखाच फुटतो, म्हणून आपल्या फडताळातल्या भांड्यांना फरक कळत नाही. यंत्रांना मात्र कळतो.

कोयनेला ढकलणारे दोन. भूखंडाचा रेटा आधीपासून होताच, त्यात १९६२ पासून कोयना धरणाचा शिवाजीसागर जलाशय भरायला लागला आणि पाण्याच्या दाबाने खालच्या भेगा सटकायला सोप्या झाल्या. ११ डिसेंबर १९६७ चा मोठा धक्का तसा आला, त्यानंतर लहान हादरे आजतागायत चालू आहेत. आणि तिथे खाली काय आहे हे आता नुसत्या अंदाजावर नाही, कोयना भागात ३ किलोमीटर खोल भोक पाडून बघितलंय. वरचा साधारण एक-सव्वा किलोमीटर बेसाल्ट, म्हणजे आपला काळा कातळ, त्याच्याखाली थेट जुना कडक ग्रॅनाइट. वितळलेलं काही नाही.

कुंडांचंही तसंच. पावसाचं पाणी भेगांतून खोल उतरतं, खाली जाऊ तसं दर किलोमीटरला साधारण २५-३० अंश तापमान वाढतं, दीड-दोन किलोमीटरवर तापलेलं पाणी दुसऱ्या भेगेने झटपट वर येतं. राजापूरची उन्हाळे, तुरळ, राजवाडी, आरवली, तिकडे उत्तरेला वज्रेश्वरी, गणेशपुरी ही सगळी कुंडं साधारण एका रांगेत येतात ती किनाऱ्याला समांतर असलेल्या जुन्या भेगांमुळे. पाणी तापायला शिलारस लागत नाही, खोली लागते.

डहाणूची_माई
शास्त्रीकाठ ताई, तुमच्या आईला माझा नमस्कार सांगा, मी त्यांची अवस्था समजू शकते कारण आम्ही हे दोन वर्षं भोगलंय. नोव्हेंबर २०१८ पासून आमच्याकडे डहाणू तलासरी पट्ट्यात सुरू झालं ते थांबेचना, कधी दिवसात एक कधी पाच, आधी जमिनीतून गडगड आवाज आणि मग धक्का, १ फेब्रुवारी २०१९ ला तर ४.१ चा झाला. थंडीत लेकरं घेऊन तंबूत झोपलोय, बाजूच्या पाड्यांवर तर माणसं घरात पाय ठेवायला तयार नव्हती. तेव्हा आमच्याकडेही अगदी हेच बोलायचे की खाली ज्वालामुखी आहे, बाहेर निघणार आहे, कोणी तर जमीन विकून निघून जायला निघाले होते. नंतर शास्त्रज्ञांनी सांगितलं की हा झुंडीचा प्रकार आहे आणि पाण्याशी संबंध आहे. पण काळाकातळ दादा, मला एक खरंच विचारायचंय. मी नंतर वाचलं की ज्वालामुखी फुटायच्या आधी पण असेच झुंडीने लहान लहान भूकंप होतात. मग आमच्याकडे पाणी आहे आणि तिकडे शिलारस आहे हे ते ठरवतात कसं?

काळाकातळ
माई, याच प्रश्नाचं उत्तर सगळ्यात महत्त्वाचं आहे, म्हणून सविस्तर लिहितो, चहा घेऊन बसा.

साधा मोठा भूकंप असतो त्यात एक मुख्य धक्का, मग मागून लहान लहान, दिवसागणिक कमी होत जाणारे. झुंडीत तसं नसतं, सारख्याच ताकदीचे शेकडो येतात, एकही दादा नसतो. शिलारस आणि पाणी दोन्हींनी झुंड होते, म्हणून नुसत्या झुंडीवरून काही ठरत नाही हे तुमचं अगदी बरोबर.

पहिली खूण म्हणजे हादरे चालतात का. शिलारस खडकात घुसतो तो भिंतीसारखा उभा, पातळ आणि लांब पत्रा होऊन. त्याच्या टोकाशी खडक फाटत जातो, त्यामुळे हादऱ्यांची जागा रोज पुढे सरकते, नकाशावर ठिपके टाकले तर मुंग्यांची रांग चालल्यासारखी दिसते. पाण्यानेही जागा सरकते पण फार सावकाश, महिनोन्महिने लागतात. आइसलँडला १० नोव्हेंबर २०२३ ला शिलारसाची भिंत काही तासांत साधारण १५ किलोमीटर लांब पसरली, ग्रिंडाविक गाव त्याच रात्री रिकामं केलं, गावाच्या मधोमध जमीन एक मीटरहून जास्त खचली. उद्रेक झाला १८ डिसेंबरला.

ही भिंत कशी असते ते बघायला आइसलँडला जायला नको. मुरूड-जंजिरा भागात ओहोटीला किनाऱ्यावर जा, आडव्या थरांच्या कातळाला उभे छेदत गेलेले काळे पट्टे दिसतात, काही कमरेएवढे रुंद, काही समुद्रात सरळ निघून गेलेले. आमच्या सरांनी पहिल्यांदा त्यावर हात ठेवायला लावला होता. ते पट्टे म्हणजे गोठलेला शिलारस, भूशास्त्रात भित्ती म्हणतात. प्रत्येक भित्ती घुसताना तिथे भूकंपांची झुंड झालेली असणार, ऐकायला माणूस नव्हता इतकंच. मला आजही तिथे उभं राहिलं की अंगावर काटा येतो.

दुसरी खूण आवाजाची. खडक फुटतो तेव्हा यंत्रावर टोकदार, चटकन येऊन जाणारी रेघ उमटते. पण भेगेत शिलारस आणि वायू खेळायला लागले की संथ, घुमणारी लाट येते, सेकंदाला एक-दोन झोके. शंख फुंकल्यावर हवा आत घुमते ना, तसंच, भेग हा शंख आणि वायू ही फुंक. आणि शिलारस सतत वाहायला लागला की ती घूम तासन्‌तास थांबतच नाही, तिला कंप म्हणतात. जुने निरीक्षक त्यालाच सगळ्यात जास्त घाबरतात.

तिसरी खूण जमीन. खाली माल भरला की वरची जमीन फुगते. उपग्रहाच्या रडारने सेंटिमीटरचा फरक कळतो. नेपल्सजवळ पोत्सुओली गावात १९८२ ते ८४ मध्ये जमीन १.८ मीटर वर आली, बंदरात होड्या लागेनात. चौथी खूण वायू, गंधकाचा वायू वाढणं.

डहाणूला यातलं काय होतं? झुंड होती. बाकी ज्वालामुखीच्या खुणा नव्हत्या. तुरळला तर झुंडही नाही.

बोटवाला
काळाकातळ साहेब फार सुंदर समजावलंत. मी गुहागरकडचा, मर्चंट नेव्हीत इंजिन रूमला, वीस वर्षं झाली. जपानला कागोशिमाच्या खाडीत जहाज लागलं की समोरच साकुराजिमा ज्वालामुखी दिसतो, धूर सोडत असतो, लोक छत्री घेऊन राखेतून चालतात, पोरं शाळेत जातात. तिथल्या शाळेच्या आवारात एक दगड आहे, आमच्या एजंटने नेऊन दाखवला आणि वाचून अर्थ सांगितला. जानेवारी १९१४ मध्ये तिथे भूकंपांची झुंड सुरू झाली, विहिरींचं पाणी बदललं, गावकऱ्यांना समजलं की काहीतरी येतंय, गावच्या मुख्याने वेधशाळेला विचारलं तर उत्तर आलं की उद्रेक होणार नाही. ज्यांनी विश्वास ठेवला ते थांबले, १२ तारखेला डोंगर फुटला, आणि दगडावर पुढच्या पिढ्यांना लिहून ठेवलंय की सिद्धांतावर विसंबू नका, खुणा दिसल्या की निघा. त्या दगडासमोर उभं राहून मला आमच्या खारवी लोकांची आठवण झाली, हवामान खात्याचा अंदाज ऐकतात पण शेवटी आभाळ बघून ठरवतात.

आणि तिथली अजून एक गोष्ट तुमच्या विषयाशी धरून आहे. उद्रेक सकाळी सुरू झाला आणि मोठा भूकंप, ७ च्या वरचा, झाला त्याच संध्याकाळी, उद्रेक चालू असताना. म्हणजे भूकंप आधी आणि ज्वालामुखी नंतर असाच क्रम नसतो. त्या दिवसांत मेलेल्यांपैकी बरेच जण त्या भूकंपाने मेले. लाव्हा एवढा आला की बेट मुख्य भूमीला जोडलं गेलं, आता गाडीने जाता येतं. असं उलटं का होतं ते सांगा.

काळाकातळ
दादा, दगडाची गोष्ट वाचून बराच वेळ गप्प बसलो होतो. खरं आहे. तेव्हा त्या वेधशाळेकडे एक जुनं यंत्र होतं, आज जे चार पुरावे मी वर लिहिले त्यातले तीन घ्यायची सोयच नव्हती.

उलटं का, तर शिलारस हा नुसता पाहुणा नसतो, तो जागा करून घेतो. घुसला की शेजारच्या खडकाला बाजूला दाबतो, बाहेर पडला की मागे पोकळी होऊन खडक खाली बसतो. दोन्ही वेळा आजूबाजूच्या जुन्या भेगांवरचा ताण बदलतो, आणि त्यातली एखादी आधीच सटकायच्या बेतात असेल तर ती सटकते. हवाईत किलाउएआ ज्वालामुखीला २०१८ मध्ये स्वच्छ दिसलं. ३ मेला वस्तीत लाव्हा फुटला, ४ मेला ६.९ चा भूकंप, कारण भेगेत शिरलेल्या शिलारसाने डोंगराची अख्खी कूस समुद्राकडे ढकलली. मग शिखराखालचा शिलारस निघून गेल्यावर वरचा खड्डा महिनोन्महिने टप्प्याटप्प्याने कोसळत होता, प्रत्येक कोसळण्याला पाचच्या वरचा धक्का.

एरवी शिलारसाचे स्वतःचे हादरे लहान असतात, पाचच्या वर जात नाहीत.

आकडेमोड
शेवटच्या वाक्याला जरा थांबवतो. जपानच्या मियाकेजिमा या ज्वालामुखी बेटाला २००० साली शिलारस समुद्राखालून बाजूला घुसला तेव्हा त्या झुंडीत ६ च्या वरचे पाच धक्के झाले. "सहसा जात नाहीत" म्हणा.

काळाकातळ
बरोबर, सहसा. धन्यवाद, उदाहरण डोक्यातून निसटलं होतं.

माडाखाली
माका एक विचारूचा हा. ह्या सगळा शिलारस भूकंप करता ह्याच्याबद्दल झाला. मोठो भूकंप झालो तर झोपलेलो ज्वालामुखी जागो होता काय? २००४ ची सुनामी इली तेव्हा माझो चुलतो अंदमानात होतो, तो सांगता त्याच्यानंतर तिकडचो बॅरन बेटावरचो ज्वालामुखी पेटलो म्हणान.

काळाकातळ
चुलत्यांचं म्हणणं तारखेने बरोबर आहे. २६ डिसेंबर २००४ चा भूकंप, आणि बॅरनला उद्रेक मे २००५ मध्ये. पण बॅरन १९९१ मध्ये आणि पुन्हा १९९४-९५ मध्ये कुठल्याही तसल्या महाभूकंपाशिवाय पेटला होता, म्हणून एकामागोमाग एक झालं एवढ्यावरून त्याच भूकंपाने पेटवलं असं म्हणता येत नाही. बाराटांगचा चिखलाचा ज्वालामुखी मात्र भूकंपानंतर दोनच दिवसांत उसळला, तो संबंध जास्त सरळ आहे. त्यात शिलारस नसतो, चिखल, पाणी आणि वायू असतो.

जगात काही जोड्या ठळक आहेत. २२ मे १९६० ला चिलीत ९.५ चा भूकंप झाला, मोजलेल्यांतला सगळ्यात मोठा, आणि ३८ तासांनी तिथलाच कोर्दोन काउये ज्वालामुखी फुटला. जपानला १७०७ मध्ये २८ ऑक्टोबरला महाभूकंप आणि ४९ दिवसांनी फुजी. अलीकडे जुलै २०२५ मध्ये रशियाच्या कामचाटकाला ८.८ चा भूकंप झाला आणि चारपाच दिवसांत क्राशेनिन्निकोव्ह नावाचा कित्येक शतकं शांत असलेला ज्वालामुखी जागा झाला. चार्ल्स डार्विन १८३५ साली चिलीत होता, त्या भूकंपानंतर आसपासच्या ज्वालामुखींचं वागणं बदललं म्हणून त्यानेही हे दोन एकमेकांशी बांधलेले आहेत असं मांडलं होतं.

पण २०११ ला जपानला ९.० चा भूकंप झाला, चार दिवसांनी तर फुजीच्या पायथ्याशीच सहाच्या आसपासचा धक्का बसला, आणि फुजी हलला नाही.

आपल्या भाषेत सांगायचं तर मे महिन्यात वळवाचा वारा सुटला की आंबे पडतात. वारा सगळ्या झाडाला सारखाच लागतो, पण पडतो तो देठ सैल झालेला. भूकंपाची लाट जाते तेव्हा शिलारसात विरघळलेल्या वायूचे बुडबुडे सुटू शकतात, किंवा भेगांवरचा आवळ कमी होऊन वाट मोकळी होते, पण खाली शिलारस साठतो त्या कोठीत दाब आधीच काठोकाठ भरलेला हवा. रिकाम्या कोठीला कितीही हलवा. आणि जिथे कोठीच नाही तिथे, म्हणजे आपल्याकडे, प्रश्नच येत नाही.

आकडेमोड
यावर हिशेब झालेला आहे. दूरच्या मोठ्या भूकंपानंतर काही दिवसांत झालेले स्फोटक उद्रेक एकूण स्फोटक उद्रेकांच्या ०.४ टक्के, हजारात चार. योगायोगाने जेवढे होतील त्यापेक्षा जास्त आहेत म्हणून संबंध खरा, पण उरलेले ९९६ स्वतःच्या वेळेला फुटतात.

डहाणूची_माई
आणि ग्रीसच्या सॅंटोरिनी बेटाचं काय झालं शेवटी? मागच्या वर्षी टीव्हीवर सारखं दाखवत होते, लोक बोटींतून पळत होते, ते बघून मला आमचे तंबूच आठवत होते. नंतर बातमीच आली नाही.

काळाकातळ
उद्रेक झाला नाही म्हणून बातमी संपली, पण शास्त्राच्या दृष्टीने तीच मोठी बातमी होती. जानेवारीच्या शेवटी सुरू झालं, २०२५, बेटाच्या ईशान्येला समुद्राखाली, सगळ्यात मोठा ५.३. अकरा हजारांवर लोक बेट सोडून गेले. तिथे जवळच मोठी भूखंडीय भेगही आहे, १९५६ साली तिथेच सातच्या वरचा भूकंप आणि त्सुनामी झाली होती, त्यामुळे सुरुवातीला खरंच ठरत नव्हतं की ढकलतंय कोण. नंतर अठ्ठावीस हजारांहून जास्त लहान हादरे संगणकाने वेचून काढले, त्यांच्या जागा अचूक लावल्या, तेव्हा ती मुंग्यांची रांग दिसली. शिलारस दहा किलोमीटरहून खोलातून निघाला, साधारण ३० कोटी घनमीटर, कोयना धरणाच्या साठ्याचा दहावा भाग समजा, आणि समुद्रतळाच्या तीनचार किलोमीटर खाली येऊन थांबला, गोठायला लागला. उद्या तिथे जी भित्ती सापडेल ती मुरूडच्या काळ्या पट्ट्यांची धाकटी बहीण. बहुतेक वेळा असंच होतं, वर यायला निघालेला बराचसा शिलारस वाटेतच राहतो.

माई, लोक पळाले ते चुकलं नाही. भेग असो की शिलारस, घर पडणार ते हादऱ्यानेच. तुम्ही तंबूत झोपलात तेही बरोबर होतं, कारण काहीही असलं तरी भिंत तीच.

शास्त्रीकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री व्हिडिओ कॉलवर आईला सगळं वाचून दाखवलं, पाऊण तास लागला. आंब्याच्या देठाचं तिला लगेच पटलं. रीयुनियन बेट नकाशावर दाखव म्हणाली, दाखवलं, तर कितीतरी वेळ बघत बसली आणि म्हणाली "एवढे लांब आलो आपण?" मग काळाकातळ दादांचं शेवटचं वाक्य परत वाचायला लावलं, भिंत तीच हे. आमचं घर जुनं, चिऱ्याचं, मातीत बांधलेलं, आणि तिची खाट बरोबर माळ्याखाली आहे, माळ्यावर लोणच्याच्या आणि कोकमाच्या चिनी बरण्या. आज सकाळी शेजारच्या पोराला बोलावून तिने खाट पडवीच्या दाराजवळ घेतली, बरण्या खाली उतरवल्या आणि ग्रुपवर स्वतः आवाजात मेसेज टाकला की ज्वालामुखी येत नाही, भांडी वाजतील, बरण्या खाली ठेवा.

डहाणूची_माई
ताई, त्यांना सांगा दाराची कडी रात्री हलकी लावा, धक्क्याने चौकट दबली की कडी निघत नाही. आमची अडकली होती.

शास्त्रीकाठ
आत्ताच फोन करते.